शंकराच्या दहा हातांत दहा शस्त्रं किती प्रकारे? हा हिशोब मांडणारे भास्कराचार्य संभाव्यतेच्या दारापर्यंत पोहोचले होते

जालन्याहून भोकरदनकडे निघालं की वाटेत राजूर लागतं. राजुरेश्वराचं हे ठिकाण गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी एक मानलं जातं. एरवी शांत असणाऱ्या या गावात अंगारकी चतुर्थीला मात्र पाय ठेवायला जागा नसते. आसपासच्या तालुक्यांतून लोक पायी चालत दर्शनाला येतात.

आता एक साधा प्रश्न. संकष्टी तर दर महिन्याला येते, मग अंगारकी इतकी कमी वेळा का येते?

उत्तर सोपं आहे. संकष्टी मंगळवारी आली तरच ती अंगारकी. आठवड्याचे वार ७. पंचांग न उघडता कुठल्याही एका संकष्टीबद्दल पैज लावायची म्हटली, तर ती मंगळवारी असण्याची शक्यता ७ पैकी १. वर्षाला संकष्ट्या येतात १२ किंवा १३. म्हणजे सरासरी काढली तर ४ वर्षांत साधारण ७ अंगारकी.

एवढं समजलं की संभाव्यतेचा पहिला धडा झाला. हवे असलेले प्रकार भागिले एकूण प्रकार. अट एकच, सगळे प्रकार घडण्याची शक्यता सारखी पाहिजे. सहावी-सातवीतल्या पोराला हे पाच मिनिटांत कळतं. राज्य मंडळाच्या पुस्तकात मात्र संभाव्यता नावाचा धडा येतो तो थेट दहावीच्या बीजगणितात.

पण या गणितात खरी अडचण भागाकाराची नसतीच. अडचण असते मोजणीची. एकूण प्रकार किती, हेच चुकलं तर पुढचं सगळं चुकतं. आणि न चुकता मोजायचं कसं, हे शिकवणारा माणूस साधारण ९०० वर्षांपूर्वी आपल्याच मातीत होऊन गेलाय. राजूरपासून अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पलीकडे, चाळीसगावजवळच्या पाटण गावातल्या एका शिलालेखात त्याच्या घराण्याची सगळी कुंडली कोरलेली आहे.

त्याचं नाव भास्कराचार्य.

विद्वानांचं घराणं

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४. हे साल त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात लिहून ठेवल्यामुळे त्यावर फारसा वाद नाही. वाद आहे तो गावावर. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेलं विज्जलवीड हे आपलं गाव, असं त्यांनी सांगितलंय. हे विज्जलवीड म्हणजे नेमकं कुठलं, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. कुणी पाटणचा परिसर सांगतं, कुणी बीड, तर कुणी थेट विजापूर.

घराण्याबद्दल मात्र पाटणचा शिलालेख बरंच सांगतो. त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि मग भास्कराचार्य. शांडिल्य गोत्राचं हे घराणं पिढ्यान्‌पिढ्या विद्येत मुरलेलं. यातल्या भास्करभट्टाला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली होती, असं शिलालेखात म्हटलंय.

भास्कराचार्यांचे वडील महेश्वर हे ज्योतिषी होते आणि तेच त्यांचे गुरू. त्या काळी ज्योतिष म्हणजे फक्त पत्रिका नव्हे. ग्रहण कधी लागणार, तिथी कधी बदलणार, चंद्र किती वाजता उगवणार, हे सगळं हाताने गणित करून काढायचं काम. आज संकष्टीला मोबाईलवर चंद्रोदयाची वेळ बघितली जाते, तिच्यामागे हीच परंपरा आहे.

वयाच्या ३६ व्या वर्षी चार ग्रंथांचा एक ग्रंथ

११५० साली, म्हणजे वयाच्या ३६ व्या वर्षी भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिल्या भागात अंकगणित आणि भूमिती, दुसऱ्यात नावाप्रमाणे बीजगणित आणि उरलेल्या दोनांत खगोलशास्त्र.

यातली लीलावती सगळ्यात गाजली. कारण साधं आहे. हे गणिताचं पुस्तक असलं तरी ते पोरांना घाबरवत नाही. त्यात फुलांवर बसणारे भुंगे आहेत, वाऱ्याने मोडलेला बांबू आहे, खांबावर बसलेला मोर आणि बिळाकडे पळणारा साप आहे. गणित सांगायच्या आधी चित्र उभं करायचं, ही भास्कराचार्यांची पद्धत.

याच लीलावतीच्या शेवटी एक प्रकरण येतं, अंकपाश. पाश म्हणजे जाळं. आकड्यांच्या या जाळ्यात जी गणितं आहेत, ती आजच्या भाषेत क्रमचय आणि संचय या नावाने शिकवली जातात. संभाव्यतेचा सगळा डोलारा यावरच उभा राहतो.

चार हात, दहा हात

अंकपाशातलं एक गणित देवांच्या मूर्तीवर आहे. विष्णूला चार हात. चार हातांत गदा, चक्र, कमळ आणि शंख. या चार वस्तूंची अदलाबदल केली तर किती वेगवेगळ्या मूर्ती होतील?

हे वहीत नाही, चार मुलं उभी करून वर्गातच करून बघता येतं. पहिल्या हातात काय द्यायचं, यासाठी ४ पर्याय. ते दिलं की दुसऱ्या हातासाठी उरतात ३. मग तिसऱ्यासाठी २ आणि शेवटच्या हाताला जे उरलं ते, म्हणजे १. गुणाकार करा, ४ × ३ × २ × १ = २४.

ही २४ संख्या हवेतली नाही. केशव, नारायण, माधव, गोविंद अशी विष्णूची जी २४ नावं संध्येत घेतली जातात, त्यांच्या मूर्ती मूर्तिशास्त्रात याच चार आयुधांच्या क्रमावरून ओळखल्या जातात. गणिताचं उत्तर आणि मूर्तिकाराचा नियम इथे बरोबर जुळतात.

त्याच गणितात पुढे शंकर येतो. हात १० आणि आयुधंही १०. पाश, अंकुश, साप, डमरू, त्रिशूळ वगैरे. पद्धत तीच, १० पासून १ पर्यंत गुणत जायचं. उत्तर येतं ३६,२८,८००.

चारचे दहा झाले आणि २४ चे थेट ३६ लाख झाले. मुलांना इथे पहिला धक्का बसतो आणि बसायलाच हवा. समजा, एखाद्याने डोळे मिटून विष्णूच्या हातांत आयुधं ठेवली. ती ठरलेल्या क्रमाने लागण्याची शक्यता २४ मध्ये १. शंकराच्या बाबतीत ती ३६,२८,८०० मध्ये १. हा शेवटचा भागाकार भास्कराचार्यांनी केला नाही, पण भागायला लागणारा आकडा त्यांनी तयार करून ठेवला होता.

सहा चवींचा स्वयंपाक आणि छापा-काटा

दुसरं गणित आणखी सोपं, जेवणाचं. चवी ६ आहेत. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट. यातल्या एक, दोन, तीन अशा चवी एकत्र करून किती प्रकार बनतील?

एकच चव घेतली तर ६ प्रकार. दोन घेतल्या तर १५. तीन घेतल्या तर २०. चार घेतल्या तर १५, पाच घेतल्या तर ६ आणि सगळ्या घेतल्या तर १. एकूण ६३. एकही चव न घातलेला पदार्थही धरला तर ६४.

आता चवी बाजूला ठेवा आणि खिशातलं नाणं काढा. ते ६ वेळा उडवलं तर छापा-काट्याचे एकूण क्रम किती? तेच ६४. त्यात बरोबर ३ छापे आणि ३ काटे असलेले क्रम किती? तेच २०. कारण प्रत्येक चव घालायची की नाही आणि प्रत्येक वेळी छापा पडला की नाही, हा प्रश्न गणितासाठी एकच आहे.

म्हणजे ६ वेळा नाणं उडवल्यावर बरोबर अर्धे-अर्धे येण्याची शक्यता ६४ पैकी २०. टक्क्यांत सांगायचं तर ३१ च्या आसपास. नाणं एकदम खरं असलं तरी दर तीन वेळांपैकी दोनदा निकाल अर्धा-अर्धा येणारच नाही. कित्येक मोठी माणसंही इथे फसतात.

भास्कराचार्यांकडे नाण्याऐवजी होते लघू आणि गुरू. कवितेच्या ओळीतलं प्रत्येक अक्षर एकतर लघू असतं किंवा गुरू, तिसरा पर्याय नाही. गायत्री छंदात २४ अक्षरं. मग लघू-गुरूच्या किती रचना होतील? २ हा आकडा २४ वेळा मांडून गुणत गेलं की उत्तर येतं १,६७,७७,२१६. नाणं २४ वेळा उडवण्याचं गणित ते हेच.

बेरीज १३ आणि फाशांचा घोळ

अंकपाशातलं आणखी एक गणित तर थेट फाशांच्या दारात नेऊन सोडतं. पाच अंकी संख्या घ्यायची, त्यात शून्य नको आणि अंकांची बेरीज १३ हवी. अशा संख्या किती?

एकेक लिहीत बसलं तर दिवस जाईल. भास्कराचार्यांचा नियम सांगतो, १३ मधून १ वजा करून १२ घ्या. मग १२ × ११ × १० × ९ ला १ × २ × ३ × ४ ने भागा. उत्तर ४९५. बेरीज किती मोठी झाली की हा नियम चालत नाही, ती मर्यादाही त्यांनी सांगून ठेवलीय.

आता हीच पद्धत तीन फाशांना लावा. बेरीज ९ हवी. ८ × ७ ला २ ने भागलं की २८. पण फाशावर ७ नसतो, म्हणून ७-१-१ चे ३ क्रम काढून टाकायचे. राहिले २५. बेरीज १० साठी असंच केलं की ३६ मधून ९ वजा होतात आणि राहतात २७.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतल्या जुगाऱ्यांना नेमका हाच प्रश्न पडला होता. ९ ची बेरीज ६ जोड्यांनी होते, १० ची पण ६ जोड्यांनीच होते, मग १० थोडं जास्त वेळा का पडतं? हे कोडं गॅलिलिओपर्यंत गेलं आणि त्याने मोजून दाखवलं की क्रम धरला तर २१६ पैकी २५ आणि २७ असा फरक आहे. त्याच्या जवळपास पावणेपाचशे वर्षं आधी, क्रम धरून बेरीज मोजायची कला लीलावतीत होती.

मग शेवटचं पाऊल कुठे पडलं?

आपल्याकडे फाशांची कमतरता नव्हती. महाभारत फाशांवरच उलटतं. त्याच महाभारतातल्या नल-दमयंतीच्या कथेत ऋतुपर्ण राजा झाडाच्या फांद्यांवरून पानं आणि फळं किती याचा अंदाज बांधतो आणि नळाला फाशांची विद्या देतो. म्हणजे मोजणं आणि जुगार यांचं नातं कथेतही ओळखीचं होतं.

तरी शक्यतेला अपूर्णांकात मांडायचं गणित उभं राहिलं ते फ्रान्समध्ये, १६५४ साली. ब्लेझ पास्कल आणि पिएर दे फर्मा या दोघांनी एकमेकांना पत्रं लिहून एक प्रश्न सोडवला. दोघं खेळतायत, आधी ३ डाव जिंकेल त्याला सगळे पैसे. खेळ २-१ असताना बंद पडला. पैसे कसे वाटायचे?

उत्तर परत मोजणीतच आहे. उरलेले जास्तीत जास्त २ डाव कल्पनेत खेळून बघा. ४ प्रकार होतात. मागे असलेला खेळाडू दोन्ही डाव जिंकला तरच बाजी मारतो, म्हणजे ४ पैकी १. बाकी ३ प्रकार पुढच्याचे. म्हणून वाटणी ३ ला १.

यातला फर्मा भास्कराचार्यांशी आणखी एका ठिकाणी भेटतो. १६५७ साली त्याने युरोपातल्या गणितज्ञांना एक आव्हान दिलं. अशी संख्या शोधा, जिच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला की परत पूर्ण वर्ग मिळेल. दिसायला सोपं, पण सगळ्यात लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०. भास्कराचार्यांनी हेच गणित आपल्या बीजगणितात चक्रवाल पद्धतीने ५०० वर्षं आधी सोडवून ठेवलं होतं. फर्माला याची कल्पना नव्हती.

लीलावती कोण होती?

भास्कराचार्य म्हटलं की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. लीलावती त्यांची मुलगी. तिच्या पत्रिकेत लग्नाचा योग नव्हता. वडिलांनी गणित करून एकच शुभ मुहूर्त काढला. वेळ मोजायला पाण्यावर घटिकापात्र सोडलं. कुतूहलाने लीलावती त्यात डोकावली, तिच्या अंगावरचा एक मोती पात्रात पडला आणि तळाचं भोक बुजलं. पाणी शिरेना, पात्र बुडेना आणि मुहूर्त निघून गेला. मग बापाने लेकीच्या नावाने ग्रंथ लिहिला.

ही गोष्ट आपल्यापर्यंत आली ती अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ साली केलेल्या लीलावतीच्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेतून. म्हणजे मूळ ग्रंथानंतर ४०० हून जास्त वर्षांनी. भास्कराचार्यांनी स्वतः असं कुठेही लिहिलेलं नाही. ग्रंथात ते कधी बाळे म्हणतात, कधी सखे म्हणतात, तर कधी कांते. त्यामुळे लीलावती मुलगी होती, पत्नी होती की नुसतं कल्पनेतलं नाव, हे ठरवता येत नाही.

पण गोष्ट दंतकथा असली तरी ती लोकांनी इतकी वर्षं का जपली, हे बघण्यासारखं आहे. सगळं गणित बरोबर असताना एक मोती घरंगळतो आणि एका मुलीचं आयुष्य बदलतं. लोकांनी त्याला नशीब म्हटलं. आजचा शिक्षक त्याला यदृच्छा घटना म्हणेल. फरक मोठा आहे. नशीब म्हटलं की माणूस हात जोडतो. यदृच्छा म्हटलं की निदान विचारता येतं, असं किती वेळा होतं, आणि पुढच्या वेळी घटिकापात्रावर जाळी बसवावी का?

ग्रंथातलं एक मात्र नक्की आहे. बाराव्या शतकात गणिताचे प्रश्न एका स्त्रीला उद्देशून विचारलेत आणि तिला ते सुटतील असं गृहीत धरलंय.

तेलाच्या पळीवर चाललेली गणिताची शाळा

भास्कराचार्यांचा शेवटचा ज्ञात ग्रंथ ‘करणकुतूहल’ ११८३ सालचा, म्हणजे वय ६९. पंचांगाची आकडेमोड सोपी करणारा हा ग्रंथ. त्यानंतर काही वर्षांतच यादवांनी देवगिरीला राजधानी केली आणि आजच्या जालना, संभाजीनगरचा हा मुलूख सत्तेच्या मध्यभागी आला.

भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर. त्याची विद्वत्ता बघून यादव राजा जैत्रपालाने त्याला पाटणहून आपल्याकडे नेलं. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा पुढे सिंघण राजाचा ज्योतिषी झाला. संत चांगदेव वेगळे, नावामुळे गल्लत नको.

या नातवाने जे केलं, त्यामुळे भास्कराचार्यांचं नाव दगडावर टिकलं. त्याने पाटणला एक मठ काढला, आजोबांचे ग्रंथ शिकवायला. १२०७ सालच्या शिलालेखात या मठाला मिळालेल्या दानाची नोंद आहे. दान दिलं तिथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने. लेख संस्कृतात सुरू होतो, पण शेवटी व्यवहाराची गोष्ट आली की जुन्या मराठीत उतरतो. बाजारात माल विकला जाईल त्यावरचा कराचा वाटा मठाला द्यायचा, गावातल्या प्रत्येक तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल द्यायचं, असा तो तपशील आहे.

थोडक्यात, पाटणच्या तेल्याने आणि गिऱ्हाइकाने मिळून पोरांच्या गणिताचा खर्च उचलला होता. मठ आज राहिला नाही. हा शिलालेख एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला. त्याआधीच १८१६ साली जॉन टेलरने मुंबईत आणि १८१७ साली कोलब्रुकने लंडनमध्ये लीलावतीचं इंग्रजी भाषांतर छापलं होतं. १९७९ आणि १९८१ साली अवकाशात गेलेल्या भारताच्या दोन उपग्रहांना भास्कर हे नाव दिलं गेलं.

आज पोरांना हे का सांगायचं?

सहावी-सातवीतल्या मुलाच्या हातात आज मोबाईल आहे. त्यात जिंकायची आमिषं दाखवणारे खेळ आहेत. नाक्यावर लॉटरीचं तिकीट आहे, आकड्याचा धंदा कुठेतरी चालूच आहे. सलग पाच वेळा काटा आला म्हणजे आता छापा येणारच, असं समजणारा माणूस तिथेच पैसे घालवतो. नाण्याला आधीचं काही आठवत नसतं. सहाव्या वेळीही शक्यता अर्धीच असते. हे दहावीत सूत्र पाठ करून कळण्यापेक्षा बाराव्या वर्षी नाणं उडवून, निकाल वहीत लिहून कळलेलं बरं.

त्यासाठी महागडं साहित्य लागत नाही. एक रुपयाचं नाणं लागतं, सापशिडीतला फासा लागतो, घरातलं जुनं कॅलेंडर लागतं. कॅलेंडरमधल्या संकष्ट्यांचे वार मोजले तरी ७ पैकी १ म्हणजे काय, हे दिसायला लागतं. एका वर्षात कदाचित एकच अंगारकी सापडेल, कदाचित तीन. दहा वर्षांची कॅलेंडरं जमवली की आकडा हळूहळू सरासरीकडे सरकतो. पंचांगकर्त्याला अर्थात प्रत्येक अंगारकी आधीच माहीत असते. शक्यतेची भाषा लागते ती ज्याला माहीत नाही त्याला, आणि बहुतेक वेळा आपण सगळे त्याच बाजूला असतो.

आधी सगळे प्रकार मोज, एकही सोडू नको, एकही दोनदा धरू नको, मग बोल. अंकपाश मुलांना एवढंच शिकवतो.